पोलादी पाकोळीचे पंख आणि कवळीमास्तरांचा अंगठा

माझ्या तोंडातले वरचे-खालचे सगळे दात कवळीमास्तरांनी केलेले आहेत. तेव्हा त्यांच्याबद्दल मी जे काही बोलणार ते त्यांच्याच दातांनी बोलणार, हे आधीच सांगून टाकते. कुणाला पक्षपात वाटला तर वाटू दे.

त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर आहे, पण ते कुणी वाचत नाही. दंतवैद्य तोंडाचं माप घेतात आणि मास्तर त्या मापावरून कवळ्या करतात, म्हणून कवळीमास्तर. तीन पायऱ्या उतरून गेलं की त्यांची खोली. एका भिंतीला खिडकी, तिच्यातून फक्त जाणाऱ्या-येणाऱ्यांचे पाय दिसतात. बाकीच्या भिंतींना फळ्या, फळ्यांवर प्लास्टरचे जबडे, प्रत्येकाखाली चिठ्ठी. सगळीकडे पांढरी भुकटी. दंतवैद्याने बसवलेली माझी पहिली कवळी टोचत होती. ते म्हणाले, सवय होईल. सवयी लावून घ्यायचं माझं वय राहिलेलं नाही असं त्यांना ऐकवलं, करणाऱ्याचा पत्ता मागितला आणि थेट या खोलीत येऊन थडकले.

मास्तरांनी निळ्या कागदाची एक पट्टी माझ्या दातांमध्ये धरली आणि चावा म्हणाले. जिथे दात केसभर उंच होता तिथे निळा ठिपका उठला. त्यांनी तेवढाच ठिपका घासला. पुन्हा कागद, पुन्हा चावणं, पुन्हा ठिपका. असं चौदा वेळा. मी वैतागले, ते वैतागले नाहीत. पंधराव्या वेळी ठिपका उठला नाही आणि मी त्या दिवसापासून भाजलेले दाणे खाते.

त्याच खोलीत जबड्यांच्या रांगेत व्हिडिओ गेमचं यंत्र ठेवलेलं पाहून मी विचारलं, हे कुणाचं? माझंच, म्हणाले. पन्नाशीला आलेला, कानावर केस असलेला माणूस. मग त्यांनी मला एका गेमबद्दल पाऊण तास सांगितलं. दार उघडायला किती वेळ लागतो, पडल्यावर खेळणाऱ्याचा राग कुणावर निघतो, स्वतःवर की खेळावर, आणि तो कुणावर निघावा याची काळजी गेम करणाऱ्यांनी घेतली आहे का. मी आयुष्यात गेम खेळलेली नाही, पण मला सगळं समजलं. मी तेव्हा आमच्या साप्ताहिकाची मुद्रितं तपासत असे. एकतीस वर्षं तपासली, निवृत्त झाले, तरी अजून दर बुधवारी जाऊन तपासते. साप्ताहिकात गेमचं परीक्षण संपादकांचा भाचा लिहायचा. तासभर खेळायचा आणि पाचपैकी चार तारे देऊन मोकळा व्हायचा. मी मास्तरांना म्हटलं, तुम्ही लिहा. संपादक माझ्याहून तीस वर्षांनी लहान आहेत, मला बाई म्हणतात आणि सहसा माझं ऐकत नाहीत. पण भाच्याला तोवर बरी नोकरी लागली होती.

सहा वर्षं झाली त्याला. मास्तर तारे देत नाहीत. गेम शेवटापर्यंत पुरा केल्याशिवाय लेखणी उचलत नाहीत. कुठे टोचतं ते लिहितात, आणि ते टोचणं तिसऱ्या दिवशी कमी होतं की वाढतं ते लिहितात. सकाळी पाच ते आठ खेळायचं, आठ ते सहा दात. त्यांची बायको तलावावर पोहायला शिकवते, तीही पहाटेच उठते, म्हणून घरात भांडण नाही. निदान त्या कारणावरून नाही.

आता मुद्द्याचं. टीव्हीवर ‘पोलादी पाकोळी’ नावाची कार्टून मालिका लागते. पुलांची दुरुस्ती करणारी एक पोरगी, तिला रिव्हेट मारलेले पोलादाचे पंख. ती तीन सेकंद जीव खाऊन धावली की पंख उघडतात आणि ती गंजोबा नावाच्या दुष्टाच्या मागे लागते. गंजोबा फुंकर मारेल ते गंजतं. लहान मुलं या मालिकेपायी जेवायचं विसरतात. त्या मालिकेवरचा गेम आला, आणि तो परीक्षणासाठी मास्तरांकडे गेला. त्यांनी आधी मालिकेचे बावन्न भाग पाहिले. वही घेऊन. बायको म्हणाली, परीक्षेला बसताय का. ते म्हणाले, मुलं हे पाठ करून येतात, मी कोरा कसा जाऊ.

त्याच सुमारास त्यांचा उजवा अंगठा दुखायला लागला होता. सव्वीस वर्षं घासताना जबडा त्याच हातात धरायचा, दुसरं काय होणार. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. विश्रांती घेण्याऐवजी मास्तरांनी मेणात स्वतःच्या अंगठ्याचं माप घेतलं आणि कंट्रोलरवरच्या दांडीला टोपी केली. दांडी म्हणजे अंगठ्याने पुढे-मागे ढकलायची ती बारकी गुंडी, तिच्यावर पात्राची चाल असते. नेहमी डाव्या अंगठ्याने ढकलायची, पण हे डावखुरे, यांची मांडणी उलटी. टोपी कवळीच्याच गुलाबी अ‍ॅक्रिलिकची, बशीसारखी पसरट, अंगठा हलकेच टेकला की पुरे. मला मोठ्या कौतुकाने दाखवली. मी म्हटलं, यंत्राला हिरडी फुटल्यासारखी दिसतेय. त्यांना ते आवडलं.

आणि गेम काही धड चालेना. पाकोळी धावते, पण पंख उघडत नाहीत. उतारावर उघडतात, सपाटीवर नाही. दुसरा कुणी असता तर तिसऱ्या दिवशी गेम फेकून दिला असता. मास्तरांनी पंखांशिवाय अख्खा गेम पुरा केला. जिथे उडून जायचं तिथे जिने शोधले, गच्च्यांच्या कडेकडेने गेले, उतार हेरून ठेवले, तिथून घरंगळत पंख उघडून घेतले. एक्केचाळीस तास लागले. गंजोबाला हरवलं त्या सकाळी त्यांच्या बायकोने विचारलं, “अहो, ती उडणारी पोरगी ना? मग तुम्ही तिला दोन आठवडे जिने का चढायला लावताय?” मास्तर म्हणाले, हेच मी लिहिणार आहे.

तसंच लिहिलं. ‘पोलादी पाकोळी पक्षी नसून पादचारी आहे,’ असं पहिलं वाक्य. पुढे: ‘माझ्या हातात तरी सपाट जागेवर तिचे पंख एकदाही उघडले नाहीत.’ मुद्रित माझ्याकडे आलं. ‘माझ्या हातात तरी’ हे मला गुळमुळीत वाटलं. परीक्षकाने असं हातचं राखून बोलू नये, असं माझं जुनं मत. मी ते तीन शब्द खोडले. वाक्य कसं ताठ उभं राहिलं. शुक्रवारी अंक निघाला.

मंगळवारी ग्रंथपालबाईंचा मास्तरांना फोन आला. आमचं वाचनालय पुस्तकांबरोबर गेमही घरी नेऊ देतं, आणि खरेदीचं ठरवणारी समिती छापील अभिप्रायाशिवाय काही घेत नाही. समितीत पाच जण, पाचांनाही गेममधलं ओ की ठो कळत नाही, म्हणून ते सहा वर्षं मास्तरांच्या शब्दावर चालतात. ग्रंथपालबाईंनी सांगितलं की परीक्षण वाचून समितीने पाकोळीच्या चार प्रतींची मागणी रद्द केली. ठीक. पण वाचनालयात नमुन्याची एक प्रत दहा दिवसांसाठी आली होती आणि मुलं ती खेळत होती, आणि पंख तर उघडत होते. सगळ्यांचे. एका सात वर्षांच्या मुलीचे सुद्धा. तुमची प्रत खराब होती का, असं त्यांनी अगदी सभ्यपणे विचारलं. खरेदीची यादी महिनाअखेरीस बंद होणार होती, मग थेट पुढच्या वर्षी.

मास्तर आपली प्रत खिशात घालून वाचनालयात गेले. मुलांसाठी केलेल्या बुटक्या खुर्चीत बसले, गुडघे कानाला लागलेले. पहिल्याच गच्चीवर पाकोळीने धाव घेतली आणि पंख उघडले. तीच प्रत, तेच हात. मागे उभ्या असलेल्या त्या मुलीने त्यांना समजावलं की काका, दांडी पुढे अगदी शेवटपर्यंत दाबायची असते. ते म्हणाले, हो बाळा.

बुधवारी मुद्रितं संपवून मी त्यांच्या खोलीत गेले तेव्हा ते कंट्रोलर समोर घेऊन बसले होते. मला बसा म्हणाले नाहीत. निळ्या कागदाची पट्टी काढली, टोपीची कड आणि दांडीभोवतीची कडी यांच्यामध्ये धरली, दांडी पुढे ढकलली. मग टोपी उपसून काढली आणि उजेडात उलटी केली. गुलाबी कडेवर निळी कमान उठली होती, नखाएवढी.

“उंच आहे,” ते म्हणाले. “टोपीची कड आधी टेकते, बाई. दांडी पुरती वाकतच नाही. पोरगी बिचारी पळतच नव्हती, मी तिला चालवत होतो.”

मी खुर्ची ओढून बसले. त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच असा पाहिला. कुणाचा दात केसभर उंच आहे हे ज्याला चौदा वेळा तपासल्याशिवाय झोप लागत नाही, त्याने स्वतःच्या हाताखालचं काही तपासलं नव्हतं. टोपी नवी होती, तिच्यासकट खेळलेला हा पहिलाच गेम. अंगठ्याला इतकी छान बसली होती की दांडीला बसते का हे पाहायचं राहून गेलं. मी त्यांना माझे तीन शब्द सांगितले. ते म्हणाले, तुम्ही ठेवले असते तरी चुकीचंच होतं. मी म्हटलं, चुकीचं असतं, पण तुमच्या एकट्याचं असतं. मी ते सगळ्यांचं करून ठेवलं. मला वाटतं माझं म्हणणं त्यांना पटलं.

टोपीची कड घासायला दोन मिनिटं लागली असती. घासली नाही. वाचकाच्या हातात जे असतं त्यानेच खेळणार, म्हणाले. अंगठ्याला चिकटपट्टी गुंडाळली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता गेम पहिल्यापासून सुरू केला. महिन्याचे दोन शुक्रवार उरले होते. परीक्षण बदलून छापून यायला हवं होतं, नाहीतर समितीच्या दप्तरात ‘पंख उघडत नाहीत’ हेच कायमचं राहणार.

मग आम्ही संपादकांकडे गेलो. संपादकांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला. दुसऱ्या पानाच्या तळाशी दोन ओळींची दुरुस्ती टाकू म्हणाले. मास्तर म्हणाले, समिती तळाच्या दोन ओळी वाचत नाही. सातशे शब्दांत चुकलो, सातशे शब्दांत सुधारणार, आणि त्याच जागी. संपादक म्हणाले की कुणाच्या लक्षातही राहिलेलं नाही. ग्रंथपालबाईंच्या राहिलंय, मास्तर म्हणाले. मी मध्ये माझ्या तीन शब्दांचा कबुलीजबाब देऊन टाकला. संपादक म्हणाले, बाई, तुम्ही यात पडू नका. मी म्हटलं, पडलेलीच आहे, आता उठवताय कशाला.

शेवटी ते मनातलं बोलले. “मास्तर, लोक हसतील हो. कवळ्या करणाऱ्याने यंत्राला हिरडी लावली आणि वर गेमला नावं ठेवली. साप्ताहिकाचं हसं होईल.”

“हसू दे की,” मास्तर म्हणाले. “हसणाऱ्यांतले निम्मे माझेच दात दाखवतील.”

संपादकांना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं, आणि दाबल्यामुळे चिडले. असं असेल तर पुढच्या महिन्यापासून हे सदर कुणाकडे द्यायचं याचा विचार करावा लागेल, असं म्हणाले. सहा वर्षांत पहिल्यांदा कुणी त्यांना असं बोललं असेल. मास्तरांनी मान हलवली. तो तुमचा अधिकार आहे, म्हणाले, आधी हे छापा, मग विचार करा. सदर जाण्याचं त्यांना काहीच वाटत नव्हतं असं नाही. पायऱ्या उतरताना त्यांनी मला विचारलं की वाचनालयाच्या फळ्यावर लिहू देतील का हो. पण त्यांचे पाय काही मंदावले नाहीत.

पुढचे सहा दिवस ते पहाटे पाकोळी उडवत होते. पंख उघडले की गेम साडेअकरा तासांत संपला. अंगठा सुजला. बायकोने बर्फाची पिशवी दिली आणि सांगितलं की माझ्याकडे तीन वर्षांची पोरं येतात, त्यांनाही दम कधी खायचा ते कळतं. मास्तर म्हणाले, त्यांना शुक्रवार गाठायचा नसतो.

नवं परीक्षण मला मंगळवारी मिळालं. टोपीचा सगळा किस्सा पहिल्या परिच्छेदात, काही न झाकता. पंख सपाटीवर उघडतात, हवे तेव्हा उघडतात, आणि उघडल्यावर पोटात जो गोळा येतो तो करणाऱ्यांनी फार मन लावून केलेला आहे. खरं टोचतं ते वेगळीकडे. गंजोबा शेवटच्या लढाईत तीनच वाक्यं आळीपाळीने बोलतो आणि दहाव्या मिनिटाला त्याची दया येते. पाण्याखालचा भाग दिशा न सांगता सोडून देतो. आणि मग एक परिच्छेद होता, तो मी उभ्याने दोनदा वाचला. पहिल्या वेळी ते पंखांशिवाय हिंडले तेव्हा त्यांनी ते शहर पायी पाहिलं होतं. मागच्या जिन्यावर वाळत घातलेले मोजे, एकाचा जोड हरवलेला. गच्चीच्या कोपऱ्यात कुणीतरी काढून ठेवलेला चष्मा. पुलाखाली खडूने आखलेला लंगडीचा डाव. उडणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. कुणीतरी बसून हे सगळं काढलं, आणि ते पाहायला माझ्यासारखा चुकलेला माणूस लागला, असं त्यांनी लिहिलं होतं. सहा वर्षांत त्यांनी इतकं चांगलं लिहिलं नव्हतं. मी पेन्सिल खाली ठेवली.

बुधवारी दुपारी पान लावताना एक जाहिरात आली आणि पानाचा तिसरा हिस्सा खाऊन बसली. संपादकांनी हात वर केले. जागा तीच देतो म्हणालो होतो, शब्द तितके देतो असं नाही, म्हणाले. खरं म्हणजे ते तसं काहीच म्हणाले नव्हते, पण जागा मिळत होती म्हणून मी गप्प बसले, आणि मी गप्प बसणं ही छोटी गोष्ट नाही. मास्तरांना निरोप धाडला. ते प्लास्टर लागलेल्या हातांनीच आले. संपादकांनी सुचवलं की टोपीचा किस्सा काढून टाका, दोनशे तीस शब्द वाचतात आणि सगळ्यांचीच लाज राहते.

मास्तरांनी मुद्रित पुढे ओढलं, माझी पेन्सिल उचलली आणि मोज्यांपासून लंगडीपर्यंत एक सरळ रेघ मारली. मी म्हटलं, अहो, हा काढू नका, गंजोबा कमी करा, पाण्याखालचं काढा, काहीही काढा. मला एवढी कळकळ वाटते हे संपादकांना माहीत नव्हतं.

“बाई,” मास्तर म्हणाले, “समितीला पंख उघडतात की नाही, आणि मी आधी नाही का म्हणालो, एवढंच हवंय. बाकी मला आवडलं होतं म्हणून लिहिलं होतं.”

पेन्सिल मला परत दिली. टोकाला प्लास्टर लागलं होतं. मी ते मुद्रित शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि एका अक्षरालाही हात लावला नाही.

शुक्रवारी छापून आलं. त्याच पानावर, त्याच जागी, जाहिरातीला खेटून. शनिवारी समिती बसली. ग्रंथपालबाईंनी आधीचं आणि आताचं अशी दोन्ही परीक्षणं शेजारी शेजारी ठेवली आणि समितीने चारऐवजी तीन प्रती मंजूर केल्या. चौथी का नाही ते समितीलाच ठाऊक. एक सदस्य म्हणे असंही म्हणाले की हा माणूस चुकला की सांगतो, तेव्हा न चुकलेली परीक्षणंही आता जास्त खरी वाटतात. ग्रंथपालबाईंनी हे मला सांगितलं, मी मास्तरांना सांगितलं. आधीची सहा वर्षं त्यांना काय खोटी वाटत होती का, असं मास्तरांनी विचारलं.

संपादकांकडे सात पत्रं आली. पाच जण हसले होते. एका दंतवैद्याने लिहिलं की अशा माणसाकडून मी काम करून घ्यावं का याचा विचार करतोय. सातवं पत्र एका शिंपिणीचं होतं, तिचा अंगठा दुखत होता आणि तिला तशी टोपी हवी होती, कड नीट घासलेली. संपादकांनी सातही पत्रं माझ्या टेबलावर ठेवली. पुढच्या बुधवारी त्यांनी एक खाकी पाकीट ठेवलं, त्यात नवा गेम होता, आणि वर चिकटवलेल्या चिठ्ठीत लिहिलं होतं: मास्तरांना द्या, सातशे शब्द, पुढच्या बुधवारपर्यंत.

मी पाकीट घेऊन तीन पायऱ्या उतरले. मास्तरांच्या हातात कुणाचा तरी खालचा जबडा होता. त्यांनी चिठ्ठी वाचली, पाकीट उलटसुलट केलं, मागचा बारीक मजकूर डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.

“पन्नास तासांचा दिसतोय,” ते म्हणाले. “त्यांना सांगा, तीन आठवडे लागतील.”

मी कार्यालयात परत गेले आणि संपादकांना तसंच सांगितलं.